हप्ते थकले, म्हणून गाडी रस्त्यातून उचलायची?

पत्राचा सारांश : दक्षिण नागपुरात राहणाऱ्या एका शिक्षिकेनं जवळपास तीन वर्षांपूर्वी एका फायनान्स कंपनीकडून ६ लाख २० हजारांचं कर्ज काढून गाडी घेतली. महिन्याचा हप्ता १३,४०० रुपये. ३१ हप्ते वेळेवर गेले. मग शाळेनं पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत नेलं आणि आपोआप कापला जाणारा हप्ता बाउन्स झाला. त्या महिन्याचे पैसे वसुलीला घरी आलेल्या माणसानं रोख नेले आणि पावती दिली. पुढच्या महिन्याचे त्यानं "लिंक चालत नाही ताई, माझ्याच नंबरवर टाका" म्हणून यूपीआयनं स्वतःकडे घेतले. तिसरा हप्ता सासूबाईंच्या ऑपरेशनच्या खर्चामुळे खरोखरच राहिला. कंपनीच्या हिशेबात मात्र तिन्ही हप्ते थकलेले. रात्री साडेनऊला फोन येऊ लागले, मुख्याध्यापिकांनाही एक फोन गेला. शेवटी एका संध्याकाळी मित्राला सोडायला वाडीला गेलेल्या १९ वर्षांच्या मुलाला अमरावती रोडवर दोघांनी मोटरसायकल आडवी घालून थांबवलं, किल्ली काढून घेतली, एका छापील कागदावर सही घेतली आणि गाडी नेली. आता कंपनी ७१ हजार मागते आहे, शिवाय "गाडी स्वखुशीनं जमा केली" अशा कागदावर सही. सात दिवसांत पैसे न भरल्यास गाडी विकू, अशी नोटीस आली आहे. यजमान म्हणतात, दागिने गहाण ठेवून गाडी सोडवू आणि विषय संपवू. भाऊ म्हणतो, "काहून भरायचे पैसे? चोरीचा गुन्हा टाक त्यांच्यावर." त्या विचारतात : आमचंही चुकलं असताना आम्हाला भांडता येतं का, आणि आधी करायचं काय?

ताई,

विक्रीची मुदत डोक्यावर होती, म्हणून "कागदावर सही करू नका आणि ई-मेल आजच पाठवा" एवढं तुम्हाला आधीच कळवलं होतं. बाकीचं सविस्तर इथे लिहितो आहे. असाच प्रसंग आलेले आणखी काही वाचक आहेत, त्यांनाही त्याचा उपयोग होईल.

तुमच्या पत्रात एक वाक्य दोनदा आलंय : "हप्ता आम्हीच चुकवला, मग तक्रार कोणत्या तोंडानं करायची?" सगळा गुंता या वाक्यात आहे. तुम्ही कंपनीला पैसे देणं लागता, ही एक गोष्ट. कंपनीनं गाडी कशी नेली, ही दुसरी. पहिल्या गोष्टीत तुमची बाजू थोडी लंगडी आहे म्हणून दुसऱ्या गोष्टीत त्यांना काहीही करायची मुभा मिळत नाही. उलटही तितकंच खरं आहे आणि ते भावाला सांगा : गाडी चुकीच्या रीतीनं नेली म्हणून कर्ज बुडत नाही. यजमान या दोन गोष्टी एका बाजूनं मिसळताहेत, भाऊ दुसऱ्या बाजूनं. कंपनी तर मुद्दाम मिसळते. तसं झालं की ७१ हजारांत काय काय शिरलंय, ते कोणी विचारत नाही.

"शेवटी गाडी त्यांचीच ना?" असंही तुम्ही लिहिलंय. नाही. आरसी काढून बघा. मालक म्हणून तुमचं नाव आहे आणि कंपनीच्या नावानं बोजा नोंदलेला आहे. गाडी नजरगहाण आहे, म्हणजे मालकी आणि वापर तुमचा, आणि कर्ज फिटेपर्यंत तिच्यावर हक्क कंपनीचा. कर्ज थकलं तर गाडीतून पैसे वसूल करण्याचा त्यांचा अधिकार खराच आहे. पण तो वापरण्याची रीत ठरलेली आहे, आणि मोटरसायकल आडवी घालणं त्या रीतीत बसत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या प्रकरणात सांगितलं की कर्जवसुली किंवा गाडीची जप्ती कायदेशीर मार्गानंच व्हायला हवी, गुंड पाठवून नव्हे. २०११ मध्ये सिटीकॉर्प मारुती फायनान्स विरुद्ध विजयालक्ष्मी या निकालात तेच पुन्हा आलं : करार भाडे-खरेदीचा, म्हणजे शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी कंपनीकडेच ठेवणारा, असला तरी जबरदस्ती चालणार नाही. मे २०२३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयानं तर अशा रीतीनं गाड्या उचलणाऱ्या बँका आणि फायनान्स कंपन्यांना प्रत्येकी ५० हजारांचा दंड केला. हा शेवटचा निकाल बिहारमधला आहे, तो आपल्याकडे बंधनकारक नाही, पण अर्जात त्याचा आधार घेता येतो.

आता दुसरी बाजूही ऐका, कारण कंपनीचा वकील ती मांडणारच. २०२० मध्ये मॅग्मा फिनकॉर्प विरुद्ध राजेश कुमार तिवारी या भाडे-खरेदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं कर्ज देणाऱ्या कंपनीच्या बाजूनं बरंच काही म्हटलं. हप्ते थकले असतील तर करारानुसार गाडी ताब्यात घेता येते, आणि करारात पूर्वसूचनेची अट नसेल तर केवळ नोटीस दिली नाही म्हणून ताबा बेकायदा ठरत नाही. म्हणजे "नोटीस न देता नेली" एवढ्या एकाच खुंटीवर सगळं टांगू नका. करारात काय लिहिलंय आणि रस्त्यावर काय घडलं, या दोन्हींवर उभं राहा.

करार तुमच्याकडे नाही असं दिसतं. बहुतेकांकडे नसतो. शोरूममध्ये पन्नास ठिकाणी सह्या करून आपण पेढे वाटत घरी येतो. तो आता मागायचा आहे. रिझर्व्ह बँकेनं बँकांसाठी २००८ मध्येच सांगून ठेवलंय, आणि फायनान्स कंपन्यांच्या आचारसंहितेतही ते आहे, की गाडी ताब्यात घेण्याचं कलम करारात असेल तर त्याबरोबर काही गोष्टी लिहिलेल्या असायलाच हव्यात : ताबा घेण्याआधी किती दिवसांची सूचना देणार, ती सूचना कधी टाळता येईल, ताबा कसा घेणार, विक्रीआधी पैसे भरण्याची शेवटची संधी कशी देणार, पैसे भरल्यावर गाडी परत कशी देणार आणि विक्री कशी करणार. करार हातात आला की या सहा मुद्द्यांवर पेन्सिलीनं खुणा करत जा. एखादा मुद्दाच नसेल तर तो कंपनीचा दोष. असून पाळला नसेल तर त्याहून मोठा दोष.

७१ हजारांची फोड तुम्ही फोनवर विचारून लिहून घेतलीत, हे फार चांगलं केलंत. तीन हप्त्यांचे ४०,२००, बाउन्स आणि दंडाचे ८,३००, गाडी उचलण्याचा खर्च १५,००० आणि यार्डाचं, म्हणजे उचललेली गाडी ठेवलेल्या जागेचं, भाडं ७,५००. यातला निर्विवाद आकडा एकच : राहिलेल्या एका हप्त्याचे १३,४००. रोख दिलेल्या हप्त्याची पावती तुमच्याकडे आहे, म्हणून तो हप्ता ते पुन्हा मागू शकत नाहीत. पावतीवर पुस्तकाचा क्रमांक, तारीख, कर्ज खात्याचा क्रमांक आहे का बघा, आणि आजच दोन्ही बाजूंचा फोटो काढा. थर्मल कागदाची पावती असेल तर अक्षरं उडतात. बाउन्सचे पैसे काही प्रमाणात लागतील. पण दंडाबाबत नियम बदलला आहे : १ एप्रिल २०२४ पासून उशिराच्या हप्त्यावर दंड-व्याज लावता येत नाही. दंड म्हणून ठरावीक आकार घेता येतो आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. ८,३०० मध्ये नक्की काय आहे, ते लेखी विचारा. उचलण्याचे १५ हजार कोणत्या कलमाखाली, कोणत्या बिलावर, तेही विचारा. या प्रश्नावर हा आकडा अनेकदा आपोआप खाली येतो.

अवघड आहे तो यूपीआयचा हप्ता. इथे तुम्हाला खोटा धीर देणार नाही. कंपनी म्हणेल, आमच्या खात्यात पैसे आले नाहीत, त्या माणसाशी तुमचं तुम्ही बघा. पण वसुलीला पाठवलेल्या माणसांच्या वागण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थेवरच राहते, हे रिझर्व्ह बँकेनं स्पष्ट केलेलं आहे. मग प्रश्न उरतो तो हा की हा माणूस त्यांनीच पाठवला होता, हे दाखवता येतं का. तुमच्या पत्रातच उत्तर दडलंय : आदल्या महिन्यात त्याच माणसानं कंपनीच्या पावती पुस्तकातून पावती फाडली. त्याच नंबरवरून कंपनीच्या नावानं मेसेज आले असतील, फोन आले असतील, तर ते जपा. यूपीआयच्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट पुरेसा नाही, बँकेतून त्या महिन्याचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट घ्या. आणि इतर वाचकांना विनंती, माणूस कितीही ओळखीचा झाला तरी हप्ता त्याच्या नंबरवर टाकू नका. कंपनीच्या ॲपवर, बँकेतून किंवा शाखेत भरा, आणि लिंक चालत नसेल तर चालेपर्यंत थांबा.

आता मुलाच्या सहीबद्दल. तो म्हणतो, "माझ्यामुळे गेली", आणि जेवतही नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्याला हे वाचून दाखवा : कर्ज तुमच्या नावावर, गाडी तुमच्या नावावर. तो ना कर्जदार, ना जामीनदार. त्यानं केलेल्या सहीनं तुमची गाडी "स्वखुशीनं जमा" होत नाही, तीही अंधारात, किल्ली दुसऱ्याच्या हातात असताना. म्हणूनच तर कंपनी आता तुमच्याकडून नवीन कागदावर सही मागते आहे. पहिल्या कागदात दम असता तर दुसरा लागला नसता. मुलाला आजच बसवा आणि जे घडलं ते त्याच्या शब्दांत लिहून घ्या. किती वाजता, कोणत्या दुकानासमोर, किती माणसं, काय म्हणाले, किल्ली कोणी काढली, ओळखपत्र किंवा अधिकारपत्र दाखवलं का, सोबतच्या मित्रानं काय पाहिलं. खाली तारीख घालून दोघांनी सही करावी. आणि जिथे थांबवलं तिथल्या दुकानांच्या कॅमेऱ्यांचं चित्रण मागा. बऱ्याच ठिकाणी काही दिवसांत जुन्यावर नवीन चढतं, म्हणून कंपनीच्या ऑफिसात खेटे घालण्याआधी वाडीला एक चक्कर मारा.

भावाला चोरीचा गुन्हा हवाय. त्याचा राग मला कळतो, पण चोरीचा मुद्दा कमकुवत आहे. कराराच्या आधारे गाडी नेणाऱ्या फायनान्सरवर चोरीचा गुन्हा लागत नाही, असं भाडे-खरेदीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानं म्हटलेलं आहे. तुम्ही "चोरी" लिहून नेलंत की ठाणे अंमलदार "हा दिवाणी मामला आहे" म्हणून कागद परत करतील. म्हणून घडलं ते लिहा : मुलाला रस्त्यात अडवलं, किल्ली हिसकावली, धमकावून सही घेतली, गाडीतलं आमचं सामान नेलं. भारतीय न्याय संहितेत बेकायदा अडवणुकीसाठी कलम १२६ आणि धमकीसाठी कलम ३५१ आहे. त्याच अर्जात विचारा की गाडी उचलण्याआधी किंवा नंतर कंपनीनं ठाण्यात कळवलं होतं का, आणि कळवलं असेल तर त्याची प्रत मिळावी. सीझिंगवाले, म्हणजे कंपनीसाठी गाड्या उचलणारे, हे कळवतात तरी किंवा कळवल्याचं सांगतात तरी, दोन्ही उपयोगाचं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. घेतलाच नाही तर स्पीड पोस्टनं ठाण्याला आणि पोलीस उपायुक्तांना पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याची वाट कायद्यात आहे. पण ताई, पोलिसांकडून गाडी परत मिळेल अशी आशा धरू नका. तो अर्ज घडलेल्या गोष्टीची ताजी नोंद व्हावी म्हणून आहे.

भावाच्या ओळखीच्या नगरसेवकाचा फोनही तुम्ही सुचवला आहे. अशा फोननं कधी कधी गाडी सुटते, हे मी नाकारत नाही. पण ती उपकार म्हणून सुटते. ७१ हजारांतले फार तर दहा कमी होतात, कागद मात्र सगळे त्यांच्या मनासारखे होतात. आणि क्रेडिट रिपोर्टवरचा डाग नगरसेवक पुसू शकत नाही.

तर मग पैसे भरायचे की नाही? माझं मत स्पष्ट आहे : गाडी आधी परत मिळवा, भांडण नंतर चालू ठेवा, आणि दोन्ही होईल अशा रीतीनं पैसे भरा. कारण सांगतो. यार्डात उभी गाडी रोज भाडं खाते. विकली गेली तर बाजारभावापेक्षा बरीच खाली जाते, आणि विकून आलेले पैसे कर्जाला कमी पडले की उरलेली रक्कम कंपनी पुन्हा तुमच्याकडेच मागते. गाडी गेली म्हणजे कर्ज गेलं, असा अनेकांचा समज असतो. तसं होत नाही. आणि विक्रीनंतर तुम्ही जिंकलात तरी हातात पडेल ती भरपाई, गाडी नव्हे. मात्र यजमान म्हणतात तसं गप्प बसून ७१ हजार भरू नका, दागिने तर मुळीच काढू नका. निर्विवाद हप्ता आणि वाजवी बाउन्स आकार कंपनीच्या कर्ज खात्यात बँकेतून आजच भरा. वादातल्या रकमेबद्दल ई-मेल लिहा. हा मजकूर तुमच्या तपशिलांसह वापरा :

"माझ्या कर्ज खात्यातील एक हप्ता व त्यावरील नियमानुसार देय आकार मी आज भरला आहे. इतर दोन हप्ते मी आपल्या वसुली प्रतिनिधीकडे भरलेले असून पुरावे सोबत जोडले आहेत. दि. … रोजी वाडी येथे माझ्या मुलास अडवून वाहन नेण्यात आले. मी वाहन स्वेच्छेने जमा केलेले नाही आणि माझ्या मुलास माझ्या वतीने तसे करण्याचा अधिकार नव्हता. कर्ज कराराची प्रत, खात्याचा संपूर्ण उतारा, वाहन ताब्यात घेण्यापूर्वी पाठवलेली सूचना व तिची पोच, वाहन नेणाऱ्या व्यक्तींचे अधिकारपत्र, पोलिसांना दिलेली सूचना आणि वाहनातील सामानाची यादी मला तत्काळ द्यावी. रकमेबाबत वाद प्रलंबित असताना वाहनाची विक्री करू नये. वाहन सोडवण्यासाठी याउपर कोणतीही रक्कम मला भरावी लागल्यास ती माझे सर्व हक्क राखून, निषेध नोंदवून भरलेली समजावी."

हा मजकूर शाखेला, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला आणि त्यांच्या वेबसाइटवर नोडल अधिकारी म्हणून ज्यांचं नाव आहे त्यांना, एकाच ई-मेलमध्ये पाठवा. छापील प्रत स्पीड पोस्टनं. फोनवर बोलणं झालं की त्याच दिवशी "आज तुम्ही फोनवर असं सांगितलंत" असा दोन ओळींचा ई-मेल टाकायचा. रात्री साडेनऊचे फोन आणि मुख्याध्यापिकांना गेलेला फोन, यांचाही उल्लेख करा. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायला, आणि कर्जदाराच्या घरच्यांना, ओळखीच्यांना त्रास द्यायला मनाई केली आहे. मुख्याध्यापिकांना विनंती करून त्यांच्या फोनमधल्या त्या कॉलचा फोटो घ्या. त्यांच्यासमोर मान खाली गेली असं तुम्हाला वाटतंय, पण नियम कंपनीनं मोडलाय.

कंपनी ऐकेलच असं नाही. "पूर्ण ७१ भरा, मगच गाडी" असं म्हणाली तर दोन रस्ते. पैशांची सोय बिनव्याजी होत असेल, समजा भावानं रागाबरोबर थोडे पैसेही दिले, तर वरच्या मजकुराप्रमाणे हक्क राखून भरा, गाडी आणा आणि जादा गेलेले परत मागा. होत नसेल तर विक्रीला मनाई मागायला जा. मनाईसाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग हे तुमच्यासाठी योग्य ठिकाण. कंपनीचं मुख्यालय मुंबईत असो की चेन्नईत, २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथे, म्हणजे नागपुरातच, तक्रार करता येते. घटनेपासून दोन वर्षांपर्यंत मुदत असते. सेवेसाठी तुम्ही दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, त्याच्या वर काही शे रुपये. तक्रारीबरोबर अंतरिम अर्ज जोडा : निकाल लागेपर्यंत गाडी विकू नये आणि मला परत द्यावी. आयोग बहुधा थकबाकीतली काही रक्कम जमा करायला सांगतो. निर्विवाद हप्ता आधीच भरलेला असेल तर तुमचा शब्द तिथे जास्त वजनदार ठरतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी बायका उगाच गप्प बसतात.

करारात लवादाचं, म्हणजे वाद न्यायालयाबाहेर खासगी पंचाकडून सोडवण्याचं, कलम असेल, आणि ते बहुधा असतंच. त्यामुळे ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. पण दूरच्या शहरातून एखाद्या लवादाची नोटीस आली तर ती कपाटात टाकू नका. लवाद कोणी नेमला, कसा नेमला, यावर हरकत घेत लेखी उत्तर द्या. कंपनीनं एकतर्फी नेमलेला लवाद न्यायालयांनी अनेकदा अमान्य केला आहे, पण हरकत नोंदवलेली असली पाहिजे. "उच्च न्यायालयाचं खंडपीठ आपल्या गावातच आहे, तिथेच रिट टाकू" असंही कोणी सुचवेल. खासगी कंपनीविरुद्ध रिट सहसा चालत नाही. वेळ आणि पैसा जाईल.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाबद्दल, म्हणजे बँका आणि फायनान्स कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याबद्दल, तुम्ही विचारलंय. संविधान चौकात रिझर्व्ह बँकेची एवढी मोठी इमारत आहे, तिथे जाऊन अर्ज देऊ का? फेरी वाचवा. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होते, किंवा टपालानं चंडीगडच्या सेक्टर १७ मधल्या केंद्राकडे जाते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. फी लागत नाही, वकीलही लागत नाही. पण आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून तिचं उत्तर यावं लागतं किंवा ३० दिवस जावे लागतात. सात दिवसांवर आलेली विक्री लोकपाल थांबवू शकणार नाही. शिवाय हाच वाद आयोगात किंवा न्यायालयात चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाही. म्हणून निवड करा : गाडी परत आली आणि वाद फक्त जादा रकमेचा, फोनच्या त्रासाचा आणि क्रेडिट रिपोर्टचा उरला, तर लोकपाल बरा. गाडी अडकलेली असेल किंवा विकली गेली असेल, तर आयोग. विक्री झालीच, तर किंमत कशी ठरवली, किती बोली आल्या, विक्रीची सूचना कधी दिली, हे सगळं मागा. भरपाईचा आकडा त्यातूनच निघतो.

आरटीओचं काम लहान आहे पण विसरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ खाली, गाडी ताब्यात घेतल्यावर कंपनी नमुना ३६ भरून स्वतःच्या नावानं नवी आरसी मागू शकते. त्याआधी आरटीओनं तुम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यायची असते. गाडी एमएच ३१ असेल तर गिरीपेठला, एमएच ४९ असेल तर पूर्व नागपूरच्या कार्यालयात आजच लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मूळ आरसी कोणाच्या हातात देऊ नका. विमा कंपनीलाही गाडी कोणत्या तारखेपासून कोणाच्या ताब्यात आहे ते कळवा. यार्डातून कोणी गाडी बाहेर काढून कुठे ठोकली तर नोटीस नोंदणीकृत मालकाच्या, म्हणजे तुमच्या, नावावर येते. तेव्हा या पत्राची तारीख उपयोगी पडेल.

यजमानांविषयी थोडं. त्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांत चर्चा नको आहे, आणि त्यात गैर काही नाही. पण वर सांगितलेल्या गोष्टींपैकी पोलीस ठाणं, वाडी, बँक आणि आरटीओ यांच्या चकरा सोडल्या तर बाकी बहुतेक सगळं ई-मेल आणि टपालावर होतं. दारात कोणी येत नाही. दागिने गहाण ठेवून भरलेल्या ७१ हजारांचं व्याज मात्र दर महिन्याला घरात येईल. आणि पुढच्या महिन्याचा हप्ता गाडी यार्डात असली तरी तारखेला भरा. नवीन खात्यावरून आपोआप कापण्याचा अर्ज कंपनीकडे नोंदवा आणि तो सुरू झाल्याचा मेसेज जपून ठेवा. अर्ज सुरू व्हायला वेळ लागतो, मधल्या काळात स्वतः भरावं लागतं. तुमचा पहिला हप्ता याच फटीतून पडला होता.

गाडी सोडवायला यार्डात जाल तेव्हा मुलाबरोबर आणखी एक जाणतं माणूस न्या. ते एक कागद पुढे करतील : "गाडी व सर्व सामान मिळाले, कंपनीविरुद्ध कोणतीही तक्रार नाही." "तक्रार नाही" ही ओळ खोडा, बाजूला सही करा. खोडू देत नसतील तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात "हक्क राखून, निषेधासह" असं लिहा आणि कागदाचा फोटो घ्या. गाडी हलवण्याआधी चारही बाजू, टायर, बॅटरी आणि किलोमीटरचा आकडा यांचा व्हिडिओ करा. सासूबाईंची हॉस्पिटलची फाइल आणि तुमच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका डिकीत होत्या असं तुम्ही लिहिलंय, त्या मोजून घ्या, आणि कमी भरल्या तर तिथेच लिहून द्या. दुसरी किल्ली घरीच आहे ना? ती कंपनीनं मागितली तरी देऊ नका.